नानीच्या बाल्या आणि कोरीव मोती

भाचीचा निकाह ठरला तेव्हा अम्मीने पेटीतून नानीच्या मोत्याच्या बाल्या काढल्या. ‘‘बसऱ्याचे मोती आहेत, जपून घाल,’’ म्हणाली. भाचीने मोबाइलवर कोरीव मोती पाहिले होते. तिने मला हळूच विचारले, ‘‘खालाजान, यांच्यावर बारीक वेल कोरून घेऊ या?’’

मोती कोरता येतो, हे खरे. त्याचा कठीणपणा मोहस मापावर जेमतेम 2.5 ते 4.5. हिऱ्याची पूड लावलेल्या, गरगर फिरणाऱ्या बारीक सुईने कारागीर पाण्याच्या थेंबाखाली तो कोरतो. ही धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून तोंडावर मास्क हवाच. मोती कांद्यासारखा थरावर थर चढून वाढतो. त्यामुळे कोरलेल्या जागी लाकडासारख्या रेषा उमटतात. मला तर नक्षीपेक्षा त्याच जास्त आवडतात.

पण सुई किती खोल जाऊ शकते, ते मोत्याच्या पोटात काय आहे यावर ठरते. समुद्रातून आपसूक मिळालेला मोती आतपर्यंत मोतीच असतो. आखाताचे असे मोती पूर्वी मुंबईच्या बाजारात येत. त्यांनाच आपल्याकडे बसऱ्याचे मोती म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी कल्चर्ड मोती आले आणि आखाताचा तो धंदा बसला. कल्चर्ड मोत्यात बहुधा शिंपल्याच्या कवचाचा मणी असतो आणि चकाकी फक्त वरच्या थरात. जपानी अकोया मोत्यात हा थर अनेकदा अर्धा मिलिमीटरही नसतो. ताहितीच्या काळ्या मोत्यात तो जाड, 0.8 मिलिमीटरपेक्षा पातळ थराचा मोती तिथून निर्यात करायला एके काळी मनाई होती. चीनचे गोड्या पाण्यातले मोती बहुतेक बिनमण्याचे, म्हणून कोरायला सोयीचे आणि खिशालाही परवडणारे.

व्हिएतनाममध्ये जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले कारागीर ची हुइन्ह यांनी मण्याची ही अडचणच कामाला लावली. शिंपल्यात ते फिरोजासारख्या खड्याचा मणी घालतात आणि मोती तयार झाला की वरचा थर असा कोरतात की नक्षीतून आतला निळा रंग दिसावा.

आमच्या बाल्या मी एका वयस्कर सराफांना दाखवल्या. मोती तारेतून सोडवून त्यांनी भोकात भिंगातून पाहिले आणि भिंग माझ्या हातात दिले. कडेपासून जरा आत एक गडद रेघ होती. ‘‘बाई, हा मणी, आणि वर एवढाच थर. कोराल तर कवच उघडे पडेल.’’

म्हणजे मोती बसऱ्याचे नव्हतेच.

भाचीला मी चिनी मोत्यांची कोरीव जोडी घेतली; पानांची नक्षी आहे, हलकी आहे. नानीच्या बाल्या मात्र तिने निकाहाच्या दिवशी तशाच घातल्या. मोती मऊ कापडाने पुसायचे, अत्तर लावून झाल्यावरच कानात घालायचे, एवढे मी तिला बजावले. त्या रेघेचे अम्मीला आम्ही दोघींनी अजून सांगितलेले नाही.