एका भागावरचे दोन वाद

काही मालिकांचे भाग संपले तरी वाद संपत नाहीत. 'स्टार ट्रेक'चा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा त्यातला एक. 6 एप्रिल 1967 रोजी तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. ही मालिका आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी भाचरांना हा भाग मुद्दाम दाखवला.

भागात घडते काय

औषधाचा चुकून जादा डोस गेल्याने भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय एका परग्रहावरच्या कालद्वारातून भूतकाळात उडी मारतो. त्या क्षणी इतिहास बदलतो आणि वर घिरट्या घालणारे 'एंटरप्राइज' यान नाहीसे होते. कॅप्टन कर्क आणि स्पॉक त्याच्या मागोमाग 1930च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. तिथे भुकेल्यांना जेवण देणारी एडिथ कीलर भेटते आणि कर्कचा तिच्यावर जीव जडतो. स्पॉकला मात्र वेगळेच दिसते. एडिथ जगली, तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार आणि अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती लागणार. शेवटी ती ट्रकसमोर येते आणि तिला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला कर्क घट्ट धरून ठेवतो.

पहिला वाद : तिला वाचवायचे की नाही?

भाग संपल्यावर भाची तावातावाने म्हणाली, "मामा, मी असतो तर तिला संगं घेऊनच आलो असतो!" (कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात.) तिचा मुद्दा बिनतोड होता. एडिथ 1930मधून कायमची निघून गेली, तर चळवळ होणारच नाही. मग मरण कशाला?

हाच प्रश्न या भागाच्या जुन्याजाणत्या चाहत्यांनाही पडत आला आहे. उत्तर कथेच्या अटीत आहे. इतिहास पूर्ववत झाल्याशिवाय परतीची वाट उघडत नाही, आणि अपघात त्याआधीच घडतो. ही अट लेखकाने सोयीसाठी घातली, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. अटीतून सुटायला वाट असती, तर कर्कचा हात आपल्याला इतका जड वाटलाच नसता.

दुसरा वाद : यात विज्ञान किती?

इथे कोल्हापूरचाच माणूस मदतीला येतो. विज्ञानकथाकार जयंत नारळीकरांचा जन्म 19 जुलै 1938चा, कोल्हापूरचा. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या त्यांच्या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. बदल एवढाच, की विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते.

फरक बघा. 'स्टार ट्रेक'मध्ये इतिहास पाटीवरच्या अक्षरांसारखा आहे, एक पुसला की दुसरा उमटतो. नारळीकरांकडे दोन्ही इतिहास एकाच वेळी नांदतात, पुसले काहीच जात नाही. या कल्पनेला आधार पुंजयांत्रिकीचा आहे. ह्यू एव्हरेटने 1957 साली मांडले होते, की जिथे अनेक शक्यता असतात तिथे प्रत्येक शक्यता आपापल्या विश्वात खरी ठरते. हे सिद्ध झालेले नाही, पण तो भौतिकशास्त्रातला गंभीर विचार आहे.

मागे जाण्याचे काय? वेगाने जाणारे घड्याळ सावकाश चालते हे प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणजे भविष्याकडे झेप घेणे निसर्गाला मान्य आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून भूतकाळाकडे वळणारी वाटही निघू शकते, हे कुर्ट गोडेलने 1949 साली गणिताने दाखवले. प्रत्यक्षात तशी वाट कुणाला सापडलेली नाही. म्हणून कालद्वार ही लेखकाला दिलेली एक सूट समजावी. त्यापुढचे सगळे कार्यकारणाला धरून आहे का, एवढेच तपासावे. या कसोटीवर हा भाग मला खणखणीत वाटतो.

नाव झाकून मत

नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. एखादा भाग गाजलेला आहे म्हणून चांगला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

प्रेक्षकांच्या शब्दाची किंमत

या भागाला 1968चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो ठरतो वाचक-चाहत्यांच्या मतदानाने. मूळ लेखक हार्लन एलिसन मात्र आपली संहिता बदलल्याबद्दल अखेरपर्यंत नाराज होता. त्याच सुमारास मालिका बंद पडू नये म्हणून प्रेक्षकांनी पत्रांचा असा पाऊस पाडला, की मार्च 1968मध्ये वाहिनीला पडद्यावरूनच सांगावे लागले, मालिका सुरू राहणार आहे. पुढे 1976मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळाले, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच.

आमच्या घरी त्या रात्री मत फुटले. भाची एडिथच्या बाजूने, भाचा कर्कच्या. तुम्ही हा भाग पाहणार असाल, तर आधी 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा आणि घरातल्या मुलांना सोबत बसवा.