मशेरी सुटत का नाही?

सकाळी चहाचे आधण ठेवायच्या आधी हात मशेरीच्या डबीकडे जातो. निमित्त दात घासण्याचे, पण बोट हिरड्यांवर फिरू लागले की अर्धा तास कसा गेला ते कळत नाही. सोडते म्हटले तरी चार दिवसांत डबी परत येते. घरचे म्हणतात, "हिला निश्चयच नाही." म्हणणाऱ्याच्या तळहातावर तेव्हा तंबाखू-चुना मळला जात असतो, ही गोष्ट वेगळी!

आम्हाला वाटते, निश्चयाला दोष देण्याआधी तंबाखूच्या पानात काय आहे ते समजून घ्यावे.

त्यात निकोटिन असते. पाने खाणाऱ्या किडींपासून बचावासाठी झाडाने तयार केलेले ते विष. अशा वनस्पतिज द्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. चहातले कॅफिन आणि अफूतले मॉर्फिन ही त्याच जातीची. १८२८ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमन यांनी निकोटिन तंबाखूतून वेगळे काढले.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. असा एक निरोप्या म्हणजे ॲसिटिलकोलिन. तो किल्ली समजा, आणि पेशीवरची त्याची बसायची जागा कुलूप. निकोटिन ही त्या कुलपाला लागणारी बनावट किल्ली आहे. ती फिरली की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य सुटते, तरतरी येते, बरे वाटते. विडीच्या धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. मशेरीचे हिरड्यांतून सावकाश रक्तात उतरते, पण बराच वेळ उतरत राहते.

बनावट किल्ली रोज फिरू लागली की कुलपे बधिर होतात आणि त्यांची संख्या वाढते. रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. म्हणून रात्र सरेपर्यंत ती वाढलेली कुलपे रिकामी पडतात. हीच तलफ! डोके जड होते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. मशेरी लावली की बरे वाटते खरे, पण तो त्रास मशेरीनेच दिलेला असतो.

तोंडाचा कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूतल्या दुसऱ्या विषांमुळे. निकोटिन आपल्याला रोज त्यांच्या दारात नेऊन उभे करते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १०० प्रौढांपैकी सुमारे २४ जण मशेरी, तंबाखू अशा बिनधुराच्या प्रकारांच्या आहारी गेलेले आढळले. मुंबईतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. चूक नसताना पोटातल्या बाळाने हे का सोसावे?

आता धीराची गोष्ट. वाढलेली कुलपे पुन्हा कमी होतात. विडी-सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासणीत, साधारण तीन महिन्यांत ती कधीच न ओढणाऱ्यांइतकी झालेली दिसली. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, मग तीन-चार आठवड्यांत त्रास पुष्कळ ओसरतो. तलफेची लाट काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, दारात जाऊन दोन शब्द बोलावे. दात घासायला साधी पेस्ट घ्यावी, डबी घरातच ठेवू नये. निकोटिनची च्युइंगगमची गोळी औषधाच्या दुकानात मिळते, मात्र गरोदर बाईने किंवा हृदयविकार असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे. सल्ल्यासाठी १८०० ११ २३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे.

एकदा सुटून पुन्हा लागली तरी लाजू नये, पुन्हा सोडावी. आणि घरातल्या दादांनी, भाऊंनी टोमणे मारण्यापेक्षा आपलीही पुडी त्याच दिवशी बाजूला ठेवावी. दोघांनी मिळून सोडले तर सुटायला सोपे जाते.