मकबऱ्याला कायद्याचं कुंपण, पैठण गेटला का नाही? समजून घ्या सोप्या भाषेत

उस्मानपुऱ्यातून क्रांती चौक ओलांडून गुलमंडीकडे निघालं, की समोर पैठण गेट येतं. आजूबाजूला दुकानं, हातगाड्या, लावलेल्या दुचाकी. बीबी का मकबऱ्याला मात्र कुंपण, तिकीट आणि पहारा. दोन्ही वास्तू जुन्या, मग फरक कुठे?

फरक आहे यादीचा.

मकबरा, दौलताबादचा किल्ला, वेरूळ, अजिंठा ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. त्यांना १९५८ चा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. १६ जून १९९२ पूर्वीचं घर १०० मीटरच्या आत असेल, तर डागडुजी करता येते, पण तीही रीतसर अर्ज करूनच.

दरवाजांचं काय?

‘५२ दरवाजांचं शहर’ हे बिरुद सगळेच मिरवतात. पण दिल्ली गेट, मकाई गेट, पैठण गेट ही नावं केंद्राच्या यादीत नाहीत. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये बांधलेलं भडकल गेटही नाही. म्हणजे १०० मीटरचा नियम इथे आपोआप लागू होत नाही. उरतो राज्याचा १९६० चा कायदा, तोही राज्याच्या यादीत नाव असेल तरच. नाहीतर सगळी भिस्त महापालिकेवर आणि तिच्या बजेटवर. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजाच्या कमानीखालून वर्षानुवर्षे वाहनं गेली, ती यामुळेच.

सर्वांत अवघड दुखणं नहर-ए-अंबरीचं. मलिक अंबरच्या काळातली ही पाण्याची योजना जमिनीखालून जाते. डोंगराकडचं पाणी उतारावर आपोआप शहरात यायचं. पंप नाही, वीज नाही. पुढे पाणचक्कीचं दगडी जातंही अशाच खापरी नळांतून आलेल्या पाण्यावर फिरलं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं गेलं. पण जे दिसत नाही ते जपणार कोण? पायाचा एक खड्डा किंवा एक बोअर चुकीच्या जागी पडली, तर नहर फुटते आणि वर कुणाला पत्ताही लागत नाही.

दुरुस्ती म्हणजे सिमेंट नव्हे

स्मार्ट सिटी योजनेत काही दरवाजांची डागडुजी झाली. अशा कामात एकच गोष्ट तपासा: चुना वापरला की सिमेंट? जुनं बांधकाम दगड आणि चुन्याचं. चुना ओल बाहेर सोडतो आणि थोडा लवतो. सिमेंट कडक असतं, ओल आत कोंडतं. मग पाणी दगडातून वाट काढतं आणि काही पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

तुमच्या गल्लीतली वास्तू कोणत्या यादीत आहे, हे बहुतेक वेळा तिथल्या फलकावरच कळतं. निळ्या फलकावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नाव असेल तर ती केंद्राची. फलकच नसेल, तर महापालिकेत लेखी विचारा.