मोगलाईचे कागद

लातूर-नांदेडकडच्या जुन्या माणसांना वय विचारलं, तर आकडा क्वचितच मिळायचा. रझाकाराच्या वर्षी पाळण्यात होतो, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो, असं काहीतरी उत्तर यायचं. पुढं ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ यांची त्यात भर पडली.

ही भर साधी नव्हती. किल्लारी भागात दगड-मातीची जाडजूड भिंत आणि वर मातीचं माळवद म्हणजे खानदानी घर. उन्हाळ्यात गार, चोराचिलटाला दाद न देणारं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून गावं झोपली असताना, त्याच भिंती अंगावर आल्या. हजारो माणसं गेली. वाडवडिलांच्या शहाणपणावरचा विश्वास एका रात्रीत उडाला. वाचलेले लोक कितीतरी दिवस दगडी घरात झोपायला धजावले नाहीत. पत्र्याचं शेड बरं वाटू लागलं. पुढं ५२ गावं नव्या जागी, सरळ आखीव रस्त्यांवर वसली.

तोवर भविष्याचा पत्ताही बदलत होता. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतून घडलेला बारावीच्या अभ्यासाचा ‘लातूर पॅटर्न’ गाजला आणि शेतकऱ्याच्या घरात ‘पुढचं साल’ म्हणजे फक्त पाऊसपाणी राहिलं नाही, पोराची बारावीही आली. आता वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आली.

सगळ्यात मजेशीर उलटापालट मात्र मराठवाड्यावर राज्य केलेल्या हैदराबादच्या निजामाच्या बाबतीत झाली. १७ सप्टेंबर १९४८ला, म्हणजे त्या रझाकाराच्या वर्षीच, निजाम शरण आला. त्याचा मुलूख म्हणजे मोगलाई. मराठीत मोगलाई म्हणजे अंदाधुंद कारभारही, तो अर्थ इथं सगळ्यांना अंगानं ठाऊक. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ झालं तेही याच तारखेला, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावानं. मागचं मागं पडलं, असाच सगळा सूर.

सप्टेंबर २०२३मध्ये मुक्तिसंग्रामाची पंचाहत्तरी साजरी होत होती. त्याच महिन्यात राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. ओबीसी आरक्षणासाठी मराठा कुटुंबांच्या ‘कुणबी’ नोंदी निजामकालीन दप्तरांत शोधायच्या होत्या. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रं देण्याची कार्यपद्धती ठरवणारा शासन निर्णय निघाला. ओबीसी संघटनांचा त्याला कडवा विरोध आहे आणि वाद कोर्टात गेला आहे. पण ज्या राजवटीपासून सुटका झाल्याचा झेंडा दरवर्षी फडकतो, तिच्याच दप्तरांतल्या नोंदींना आज मोल आलं, हे खरं.

अडचण एकच. यातले पुष्कळ कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकलेली, दप्तर सहज वाचू शकणारी पिढी बव्हंशी गेली. त्यामुळं पणजोबाच्या नावापुढं काय लिहिलंय, हे नातवंडाच्या प्रवेशाच्या फायलीसाठी आता बाहेरचा जाणकार गाठून वाचून घ्यावं लागतं.