मक्याला चुना लावला, तेव्हा भाकरी दुमडली

आज आम्ही मीरा-भाईंदरहून बोलतोय. आमच्या बचत गटांत भाईंदरच्या चाळींतल्या, काशीमिऱ्याच्या आणि उत्तनच्या कोळीवाड्यातल्या बाया आहेत. निम्म्या जणींचं माहेर सातारा, जळगाव नाहीतर रत्नागिरी. तेव्हा गोष्ट शहरातली असली तरी भाकरी तुमची आमची एकच.

गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीतून आम्हाला जेवणाची ऑर्डर आली. वाढदिवस, चाळीस माणसं, आणि जेवण हवं ‘मेक्सिकन’. आम्ही हो म्हणून बसलो. दोन हजार रुपये आगाऊ घेतले, गटाच्या वहीत लिहिले, आणि मग एकमेकींना विचारलं, मेक्सिकन म्हणजे काय गं? एकीला वाटलं पिझ्झ्याचाच प्रकार असेल. दुसरी म्हणाली, काहीतरी चीज घातलेलं. बाईंनी सांगितलं होतं ते इतकंच, की मक्याची मऊ पोळी, तिच्यात घेवड्याची उसळ, वर टोमॅटोची चटणी, पोळी दुमडून हातात धरून खायची. त्याला टाको म्हणतात. आणि शेवटी काहीतरी गोड.

उसळ, चटणी, भाकरी. आम्हाला वाटलं, यात अवघड ते काय! किराणा दुकानातून मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, थापलं, भाजलं. तव्यावरून काढली तेव्हा भाकरी छानच होती. उसळ भरून दुमडायला गेलो आणि मधोमध फाटली. दुसरी फाटली, दहावीही फाटली. तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढून पाहिली, तर गरम असताना जमली, निवल्यावर पुन्हा तेच. तयार पाकिटं आणायची तर हिशोबात आमच्या हाती मजुरीसुद्धा उरत नव्हती. आगाऊ पैसे परत करायचे का, इथपर्यंत बोलणं आलं. गटाची पहिलीच मोठी ऑर्डर होती, आणि नाही म्हटलं असतं तर त्या सोसायटीचं दार पुन्हा उघडलं नसतं.

मग शोधाशोध केली आणि कळलं की मेक्सिकोतल्या बाया मका नुसता दळतच नाहीत. त्या मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. आम्ही ऐकून हसलोच. आपल्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं, इथे चुना न लावल्यामुळे आम्ही फसलो होतो! ही रीत तिथे हजारो वर्षांपासूनची आहे. चुन्याने दाण्याचं जाड साल सुटतं, आतला दाणा मऊ होतो आणि वाटल्यावर पिठाला धरून राहण्याचा गुण येतो. गव्हात चिकटपणा उपजत असतो, मक्यात तो असा आणावा लागतो.

चुन्याचं दुसरं काम याहून मोठं आहे. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते असं बांधलेलं असतं की आपल्या अंगी लागत नाही. चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. शिवाय पिठात कॅल्शियम वाढतं. स्पेनच्या लोकांनी मका आपल्या देशी नेला आणि तो युरोपभर पसरला, पण बायांची रीत मागेच राहिली. पुढे स्पेन, इटलीत आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात ज्या गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर होतं, त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब होतात, पुढे डोकं भ्रमतं, माणूस दगावतोही. कारण कळायला फार वर्षं गेली. आपण भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, मासे खातो, म्हणून मक्याची भाकरी खाणाऱ्या बहिणींनी घाबरून जाऊ नये. पण ज्या घरात महिनोन् महिने मका आणि मिरचीच असते, तिथे ही गोष्ट जरूर सांगावी.

आता करायचं कसं ते सांगतो. वही घ्या.

अर्धा किलो सुका मका घ्या. लाह्यांचा नको, साधा. निवडून धुवा. स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाणी आणि पानाला लावतात तो खायचा चुना चहाचा दीड चमचा घालून ढवळा. इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. चुना खायचाच हवा. आमच्यातली एक जण भिंतीला लावायचा चुना घेऊन आली होती, स्वस्त मिळाला म्हणून. तो परत पाठवला. त्यात काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही आणि कळीचा चुना तर भाजतो. दुसरं, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, चुना त्याला खातो. आणि लेकरांना त्या पातेल्यापासून लांब ठेवा.

मका पाण्यात टाकून पाऊण तास मंद उकळू द्या. पाणी पिवळं होईल, वास वेगळा येईल, घाबरू नका. दाणा दोन बोटांत चोळल्यावर साल निसटलं की गॅस बंद. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी ओतून द्या, मका हाताने चोळत तीन-चार पाण्यांतून धुवा. मग पाटा-वरवंट्यावर किंवा इडलीच्या ग्राइंडरवर अगदी थोडं पाणी लावून वाटा. मिक्सरला पाणी जास्त लागतं, मग पीठ सैल होतं. तसं झालं तर मूठभर मक्याचं कोरडं पीठ मिसळा. मीठ घालून मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

या पिठाला स्पॅनिश भाषेत ‘मासा’ म्हणतात. उत्तनच्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पीठ जर मासा, तर माझ्या टोपलीत काय आहे गं बाई?” तेव्हापासून आम्ही पीठच म्हणतो.

लिंबाएवढा गोळा घ्या. दुधाची पिशवी कापून स्वच्छ धुवा, तिच्या दोन पदरांत गोळा ठेवून वरून पोळपाटाने दाबा. थापण्यापेक्षा हे सोपं. तवा चांगला तापलेला हवा, तेल नको. एका बाजूने अर्धं मिनिट, उलटून थोडं जास्त, पुन्हा उलटली की फुगते. लगेच कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, डब्यातल्या वाफेनेच ती मऊ राहते. अर्ध्या किलोत तिसेक होतात.

उसळीला आम्ही कोरेगावकडचा वाघ्या घेवडा वापरला, साताऱ्याच्या ताईंनी माहेरून आणलेला. राजमाही चालतो, दोघे भाऊबंदच. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, आणि कुकरमध्ये पूर्ण शिजवा. अर्धकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात, म्हणून ‘थोडा कडक राहिला तर राहू दे’ असं इथे चालत नाही. कांदा, लसूण, जिरं, लाल मिरची यांची फोडणी, घेवडा डावाने अर्धवट ठेचून त्यात परता. वासाला दोन ओव्याची पानं चिरून घातली.

चटणीला टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, मग जाडसर ठेचायच्या. कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ. झाली साल्सा. भाईंदरला जैन घरं बरीच, त्यांच्यासाठी कांदा-लसणाशिवाय करतो, कैरीच्या दिवसांत कैरी किसून घालतो. उत्तनच्या बायांनी आपल्या घरी याच भाकरीत तळलेले बोंबील घालून खाल्ले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरही तळलेल्या माशाचे टाको खातातच. खरं सांगायचं तर आमच्या मते तेच सगळ्यांत चांगले लागले.

हे सगळं करताना एक गोष्ट ध्यानात आली. मिरची, टोमॅटो, मका, घेवडा, पेरू, पपई, चिकू, यातलं एकही मूळचं आपलं नाही. हे सगळं अमेरिका खंडातून आलं, आणि त्यातलं पुष्कळसं मेक्सिको आणि त्याच्या शेजारचं. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गलबतांतून यातल्या बऱ्याच गोष्टी उतरल्या. हा उत्तन-वसईचा पट्टा 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. पाव, बटाटा, काजू हे शब्द त्यांचेच. मिरचीशिवाय आपल्या आज्यांच्या खापरपणज्या तिखटाला मिरी घालत असतील! मग त्या बाईंचं ‘परदेशी’ जेवण नेमकं कुठून परदेशी, असा प्रश्न आम्हाला पडला. मेक्सिकोच्या या स्वयंपाकाला 2010 साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. त्यात मिचोआकान प्रांतातल्या, जुन्या रीतीने रांधणाऱ्या बायांच्या गटांचा मोठा वाटा आहे. म्हणजे तिथेही गटच.

ऑर्डरच्या दिवशी पहाटे चारला उठून दीडशे भाकऱ्या केल्या. शेवटच्या वीसेक जाड झाल्या, हात थकले होते. त्या आम्हीच खाल्ल्या. गॅस, सामान आणि रिक्षा वजा जाता सहा जणींना प्रत्येकी पाचशे रुपये आले. फार नाहीत. पण त्याच सोसायटीतून पुन्हा दोन ऑर्डरी आल्या, आणि आता दर आम्ही ठरवतो.

गोडाचं राहिलं. अंडं चालणार नव्हतं, म्हणून ‘आतोले’ केलं. आपल्या खिरीची सख्खी बहीण. याच ओल्या पिठाचे दोन लिंबाएवढे गोळे दोन वाट्या पाण्यात कालवून गाळून घ्या. दालचिनीचा तुकडा घालून मंद आचेवर ढवळत राहा, हात थांबला की गुठळी झालीच. दहा-बारा मिनिटांत दाट होईल. मग दोन वाट्या दूध घालून एक कढ आणा आणि आच बंद करा. गूळ किसून शेवटी, कढ निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं. तिकडेही उसाचा गूळच वापरतात. आम्ही वरून घोलवडच्या पिकलेल्या चिकूचा गर घातला, एका वाटीला एक चिकू. गरम असतानाच वाढा. गार झालं की घट्ट बसतं, मग थोडं कोमट दूध घालून पुन्हा ढवळून घ्यायचं.