पिवळे ठिपके आणि लेसरचे किरण

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. डोंबिवलीकरांच्या पुस्तकवेडाबद्दल तर बोलावयासच नको. अशा मुलखांत म्हातारपणीं ओळींतलें नेमकें मधलेंच अक्षर पुसट व्हावें, यासारखी शिक्षा दुसरी नसेल.

डोंबिवलीच्या आमच्या मावशींना अद्याप तसें कांहीं झालें नव्हतें. चष्म्याचा नंबर काढतांना त्यांच्या पीतबिंदूवर, म्हणजे नेत्रपटलाच्या ज्या मध्यभागानें आपण वाचतों तेथें, बारीक पिवळे ठिपके आढळले. उतारवयांत सांचणारें हें एक प्रकारचें किटणच. लेसरच्या किरणांनीं तें साफ करतां येतें असें कोणी सांगितलें मात्र, मावशी पाटल्या मोडावयास निघाल्या! "अरे, डाग गेला म्हणजे नजर राहिलीच कीं!" हा हिशेब भांड्यांना लागू आहे, डोळ्यांना नाहीं.

अमेरिकेंत १०५२ रोग्यांच्या एका डोळ्यास सौम्य लेसर दिला व दुसरा तसाच ठेवला. ५ वर्षांच्या निरीक्षणाचा निकाल २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ठिपके कमी झाले. दृष्टि गमावण्याचें प्रमाण मात्र दोन्ही डोळ्यांत जवळजवळ सारखेंच राहिलें. पुढें मेलबर्नच्या संशोधकांनीं सेकंदाच्या कांहीं अब्जांशांपुरतेच टिकणारे झोत २९२ जणांत अजमावले. २०१८ सालच्या त्यांच्या अहवालाप्रमाणें एकंदरींत रोगाची गति मंदावली नाहीं. जाळीदार ठिपके नसणाऱ्यांना लाभ व असणाऱ्यांना उलट अपाय झाला असावा, हा मागाहून काढलेला तर्क. तर्कावर पाटल्या मोडूं नयेत, असें आमचें मत पडलें.

खरा धोका निराळाच. पीतबिंदूखालीं नव्या रक्तवाहिन्या फुटून पाझरूं लागल्या, तर नजर झपाट्यानें जाते. त्यावर डोळ्यांत द्यावयाचीं इंजेक्शनें आहेत, पण तीं वेळींच मिळालीं पाहिजेत. ही वेळ ओळखण्याचें साधन आम्स्लर नांवाच्या स्विस नेत्रवैद्यानें रूढ केलें: नुसता चौकटींचा कागद!

मावशींनीं नातीच्या गणिताच्या वहींतलें पान देवघराच्या दारावर डकवून मधोमध शाईचा ठिपका दिला. रोज पूजेनंतर वाचण्याचा चष्मा लावून, एकेक डोळा झांकून, त्या ठिपक्याकडे पाहावयाचें. रेघ वांकडी वा तुटकी दिसली कीं डॉक्टर गांठावयाचे. गेल्या श्रावणांत उजव्या डोळ्यास एक रेघ सांध्यावरच्या रुळासारखी वळलेली दिसली. दुसऱ्याच सकाळीं मावशींनीं ठाण्याची लोकल पकडली.

इंजेक्शनें चालूं आहेत. एक पाटली अखेर त्यांत गेलीच; वाचनालयाचें पुस्तक मात्र दर आठवड्यास बदललें जातें.