गाम्बियातला हिपॅटायटिस बी

सेनेगलने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या चिमुकल्या गाम्बियात 1980 च्या दशकात दर सहा-सात माणसांमागे एकाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू कायमचा मुक्कामाला असे. पुरुषांमध्ये तिथे सर्वाधिक आढळणारा कर्करोग यकृताचा, आणि त्याचं मोठं कारण हाच विषाणू. भुईमुगावरच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष धोका आणखी वाढवतं. भुईमूग हेच देशाचं मुख्य नगदी पीक, रोजच्या जेवणातलंही.

सारा प्रश्न वयाचा आहे. मोठेपणी लागण झाली तर शंभरातले 95 जण विषाणूला हुसकावून लावतात. तान्हेपणी झाली तर सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात तो ठाण मांडतो. गाम्बियात बरीचशी लागण लहानपणीच होत असे, आईकडून आणि त्याहून जास्त घरातल्या भावंडांकडून.

म्हणूनच 1986 मध्ये सरकारने आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेसोबत धाडसी पाऊल उचललं. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देशभरातल्या बाळांना लस मिळू लागली. लस घेतलेल्या पिढीत कायमच्या लागणीचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. इतक्या गरीब देशाने हे साधलं, याचं मोल फार मोठं आहे.

लसीआधी जन्मलेल्यांना मात्र हे कवच मिळालं नाही. प्रौढांच्या गावोगावच्या तपासणीत अकरा-बारांमागे एकजण बाधित आढळला. त्यातल्या बहुतेकांना त्याची कल्पनाच नव्हती. जन्मानंतर 24 तासांत द्यायचा पहिला डोसही अनेक बाळांना उशिराच मिळतो.